सूड आणि मळमळीची गोळी

३ फेब्रुवारी, सोमवार
ठरलं. कात्रजच्या डॉक्टर विश्वजीतला सोडायचं नाही. ठोके नीट करायला गोळी दिली आणि डिसेंबरात ह्यांचे ठोकेच थांबले. वाचनालयातल्या जाड पुस्तकात स्पष्ट लिहिलंय, ठोक्यांची गोळीच कधी कधी ठोके बिघडवते. पान उघडून त्याच्या तोंडासमोर धरीन.

५ फेब्रुवारी
बेत: छातीत धडधडतं सांगून पेशंट म्हणून जायचं. तो तीच गोळी लिहील. मग सगळ्यांदेखत पंचनामा. समोरच्या जुबेदाला सांगितलं. म्हणाली, वहिनी, शाळेच्या गॅदरिंगमध्ये तरी कुणी काम दिलं होतं का तुम्हाला?
रोज आरशासमोर सराव करणार.

६ फेब्रुवारी
सराव नाही. खोकला. डॉक्टर या जातीकडे जाणार नाही. ह्यांच्या डब्यात उरलेलं अँटिबायोटिक सापडलं. एक्स्पायरी लांब आहे. चांगल्या गोळ्या टाकायला आम्ही काय कोरेगाव पार्कात राहतो?

८ फेब्रुवारी
गोळीने मळमळतं. डब्यात मळमळीचीही गोळी निघाली. किती टापटिपीचे होते हे.

९ फेब्रुवारी, दुपार
अभिनय इतका जमलाय की न करताही धडधडतं. जिन्यात भोवळसुद्धा आली. जुबेदा घाबरली. म्हटलं, अगं, तालीम आहे.

१० फेब्रुवारी
त्याच्या दवाखान्यात गेले. मी तोंड उघडायच्या आत त्याने ईसीजी काढला. पट्टी बघून त्याचाच चेहरा उतरला. काय काय घेता, म्हणाला. डबा पुढे ठेवला. काकू, या दोन गोळ्या एकत्र घेतल्या की ठोके बिघडतात, जीव जाईल, म्हणाला.
मला हवी ती ठोक्यांची गोळी लिहिलीच नाही! वर दोन्ही बंद करून ॲडमिट केलं. पुस्तक पिशवीतच.

१२ फेब्रुवारी
आज विचारलंच, ह्यांना का मारलंत? तो खुर्ची ओढून बसला. म्हणाला, काकांना बजावलं होतं, माझ्या गोळीबरोबर हे अँटिबायोटिक चालत नाही, टाकून द्या. खोकला झाल्यावर त्यांनी तेच घेतलं. ॲडमिट झाल्यावर स्वतःच कबूल केलं. आणि म्हणाले, हिला सांगू नका, ओरडेल.
ओरडलेच असते.

१३ फेब्रुवारी
घरी. डॉक्टरला माफ केलेलं नाही, पण सूड रद्द. त्याऐवजी ह्यांच्या फोटोशी अबोला. महिनाभर. हारही नाही. कळू दे.

संध्याकाळी
जुबेदा खिचडी ठेवून गेली. दार लावलं आणि सवयीने हाक गेली, अहो, पानं घेतलीत.