अकरा मार्चच्या आधी

बागवान गल्ली, कोल्हापूर
२४ मे २०२४

ती. शिफा आपास,
धाकट्या भावाचा, तोहिदचा, सलाम वि. वि.

फोनवर धड बोलता येत नाही. अब्बा स्पीकर लावून शेजारी बसतात आणि इरम फोन हिसकावून घेते. म्हणून कागदावर लिहून फोटो पाठवतो आहे. तूही असंच लिहीत जा.

बातमी तुला कळली असेल. तुझ्या इंग्लंडात चार जुलैला निवडणूक आहे. ज्या सरकारनं नियम केला, की अकरा मार्चपासून जी बाई वृद्धाश्रमात कामाला यायचा अर्ज करील तिनं आपलं मूल आणायचं नाही, तेच सरकार आता दारोदार मतं मागणार. यांच्या म्हाताऱ्यांना अंघोळ घालायला आई पाहिजे, पण त्या आईचं पोर नको. इरम सहा वर्षांची आहे. तिचे अब्बू जाऊन तीन वर्षं झाली आणि आई, म्हणजे तू, तिकडं हल शहरात. असला नियम करणाऱ्यांना आपल्या गल्लीत कुणी पाण्याचं विचारलं नसतं.

मी एक वही केली आहे. कोणता पक्ष या नियमाबद्दल काय बोलला, ते तारीखवार उतरवतो. त्यात एक मोठी गोष्ट सापडली. तुला तिथं मत आहे! भारताचा नागरिक तिथं रीतसर राहत असला तर त्याला त्यांच्या पार्लमेंटसाठी मत देता येतं. मी तीन ठिकाणी पडताळून पाहिलं. अठरा जूनच्या आत नाव नोंदव. विसरू नकोस.

राजारामपुरीत आमच्या फॉर्म भरायच्या दुकानात मालकांनी, म्हणजे सयाजीरावांनी, ती वही पाहिली. गिऱ्हाईकांसमोर म्हणाले, आरं बारावी नापास, हितला नगरसेवक तुला वळखत न्हाय आन् तू बिलायतचं सरकार पाडाय निघालाईस व्हय? सगळे हसले. मी मान खाली घालून एका आजोबांचा पेन्शनचा फॉर्म भरत राहिलो.

इरमचा पुढचा दात पडला. काडेपेटीत ठेवला आहे, तुला दाखवायला.

नाव नोंदवल्याचं लगेच कळव, आणि माया आहे तेवढी राहू दे.

तुझा,
तोहिद

———

हल
२ जून २०२४

चि. तोहिदला,
आपाच्या अनेक दुवा.

नाव नोंदवलं. आता तरी पाणी पी आणि बस.

तुझं पत्र म्हणजे नोटीसच असते. खाली शिक्का तेवढा राहिला होता. मी बरी आहे. इथं रात्री दहापर्यंत उजेड असतो. माझ्याकडे पाच म्हाताऱ्या आहेत. त्यातल्या डोरीनबाई एक्क्याण्णव वर्षांच्या. त्यांना फारसं दिसत नाही. मी वेणी घालते तशी दुसऱ्या कुणाला जमत नाही म्हणतात. टीव्हीवर निवडणूक लागली की मोठ्यानं बोलतात, की बाहेरून आलेल्या सगळ्यांना परत पाठवलं पाहिजे. मग माझा हात थोपटतात आणि म्हणतात, तुला नव्हे गं, तू माझी आहेस. मी हसते. दुसरं काय करू?

अब्बांना राग येईल असं त्यांच्यापुढं काही बोलू नकोस. अम्मीला गुडघ्याचं तेल लावायला सांग. त्या काडेपेटीवर नाव लिहून ठेव, नाहीतर अम्मी चूल पेटवताना दात टाकून देईल.

जेवणखाण सांभाळ. माझी आठवण रागावल्याशिवायही काढत जा.

तुझी,
आपा

———

कोल्हापूर
११ जून २०२४

ती. आपास,
सलाम वि. वि.

आपल्याकडचा लोकसभेचा निकाल चार तारखेला लागला. गल्लीत फटाके वाजले. मी खिडकी लावून घेतली आणि इंग्रजांचे जाहीरनामे वाचत बसलो. शब्दकोश जवळ होता. आपा, एकानंही सरळ लिहिलेलं नाही, की हा नियम काढू. सगळे एकच म्हणतात, की बाहेरचे लोक कमी करू. पण ज्यांनी नियम केला ते गेले तर नियमही जाईल, असं मला वाटतं. वाटतं म्हणजे वाटलंच पाहिजे.

त्या तुझ्या डोरीनबाईंबद्दल वाचून माझं डोकं फिरलं. तू तिचं अंग पुसायचंस, तिला जेवण भरवायचंस, आणि तिनं तुझ्या तोंडावर असं बोलायचं! आणि तू हसतेस! मी वाचलं की म्हाताऱ्या माणसांना टपालानं मत देता येतं. तिला दिसत नाही, म्हणजे कागद तुलाच भरायला सांगेल. तेव्हा फुली कुठं मारायची हे तुझ्या हातात आहे. इथं फुली म्हणजे चूक, तिकडं फुली म्हणजे मत, हे लक्षात ठेव. तिच्या पक्षापुढं मारू नकोस. तिला कधीच कळणार नाही. इरमसाठी एवढं कर.

सयाजीराव आता मला खासदारसाहेब म्हणतात. म्हणू देत.

सांगितलं तसं कर आणि जीव लाव.

तोहिद

———

हल
२८ जून २०२४

चि. तोहिदला,
दुवा.

डोरीनबाईंचा मताचा कागद मंगळवारी आला. त्यांनी मलाच बोलावलं, तू म्हणालास तसंच. दार लावायला सांगितलं आणि पक्षाचं नाव सांगितलं. ज्या पक्षाला माझ्यासारख्या बाया इथं नकोच आहेत, त्याचं. मी त्यांचा हात धरला, पेन्सिल त्या नावापर्यंत नेली आणि फुली त्यांनी मारली. लिफाफा मी चिकटवला, टपालपेटीत मी टाकला. परत येऊन त्यांची वेणी घातली. ती दोनदा सुटली. त्यांनी विचारलं, बोटं गारठली का गं?

तुला हे आवडणार नाही. मलाही आवडलं नाही. पण तू दुकानात बसून रोज लोकांचे फॉर्म भरतोस. एखादा आजोबा म्हणाला माझं वय अमुक लिही, तर तू तुझ्या मनाचं लिहितोस? ज्याचा कागद, त्याचं म्हणणं. असलं मला पुन्हा कधी लिहू नकोस.

माझं मत मी माझ्या मनानं देईन. कुणाला, ते अब्बांनाही सांगणार नाही.

इरमला वहीतलं काही सांगू नकोस. हे लक्षात ठेव, मग बाकी सगळा लाड तुझाच.

आपा

———

कोल्हापूर
६ जुलै २०२४

ती. आपास,
सलाम, सलाम, आणखी एकदा सलाम!

गेले! काल सकाळी दुकान उघडलं तेव्हा निकाल लागलेला होता. जागा मोजून माझं मन भरेना. सयाजीरावांनी समोरच्या देवळातून चिमूटभर गुलाल आणून माझ्या कपाळाला लावला आणि म्हणाले, पाडलंस की रं बिलायतचं सरकार, आता पावण्यांना च्या तरी पाज. मी सगळ्यांना चहा पाजला. पेन्शनच्या आजोबांनी विचारलं, कोण निवडून आलं? मी म्हटलं, माझी भाची.

तू नको म्हणाली होतीस, पण मला राहवलं नाही. इरमला सांगितलं की आता तू तुझ्या अम्मीकडं इंग्लंडला जाणार. तिनं शाळेचं दप्तर रिकामं केलं आणि त्यात एक फ्रॉक, कंगवा आणि काडेपेटी भरली. दप्तर दाराशी ठेवलं आहे. अब्बा येताजाता अडखळतात, पण ते हलवत नाहीत.

तू मत दिलंस ना? तेवढं कळव. हट्टी असलो तरी तुझाच आहे.

तोहिद

———

हल
१ ऑगस्ट २०२४

तोहिद,

दुवा शेवटी लिहीन. आधी हे वाच.

परवा नव्या सरकारनं जाहीर केलं. नियम आहे तसाच राहणार. मी मत दिलं होतं. कामावरून सुटून, भर पावसात, दोऱ्याला बांधलेल्या पेन्सिलीनं. डोरीनबाईंचा माणूस पडला, मी मत दिलेला निवडून आला, आणि माझी मुलगी कोल्हापुरातच राहिली. मला या नव्या सरकारचाही राग आहे. पण त्यांनी मला कधी काही कबूल केलं नव्हतं. तू माझ्या मुलीला कबूल केलंस. काल फोनवर तिनं विचारलं, की दप्तर उघडून ठेवलं तर चालेल का, फ्रॉकला वास येतो.

आता दुसरं. नऊ मार्चला, शनिवारी, माझ्या व्हिसाचे सगळे कागद तुझ्याकडं तयार होते. अकरा तारखेच्या आधी अर्ज गेला असता तर इरम आज माझ्याजवळ असती. तो गेला बारा तारखेला. तू मला सांगितलंस की तीन दिवस सर्व्हर बंद होता. अर्जाची प्रत माझ्या पर्समध्ये आहे. तिच्यावर वेळ छापली आहे. पहाटे पाच वाजून बेचाळीस मिनिटं. पहिल्या रोज्याच्या सहेरीचं खाणं आटोपल्याबरोबर. अब्बा म्हणाले असणार, की रमजान लागू दे, पहिल्या रोज्याला बरकत असते. आणि अकरा तारीख तुझ्या डोळ्यांसमोर लिहिलेली असताना तू गप्प बसलास.

हे मला विमानात बसल्यापासून माहीत आहे. वाटलं, आज सांगेल, उद्या सांगेल. तू वही भरत राहिलास. एका परक्या बाईचा कागद, माझ्याच विरुद्धचा, मी तिनं सांगितला तसा आणि सांगितला तेव्हा भरला. माझा कागद माझ्या भावानं तीन दिवस दाबून ठेवला.

मी नर्सिंग शिकलेली आहे. इथं नर्स म्हणून नोंद झाली तर मूल आणता येतं. परीक्षा आहे, वर्ष लागेल. त्याआधी माझ्या प्रमाणपत्रांच्या पडताळणीचा अर्ज तिकडून जायला हवा. कागद आज कुरियरनं पाठवले आहेत. मिळतील त्या दिवशी भर. मार्चमध्ये काय झालं ते अब्बांना तूच सांग, मी नाही सांगणार.

दुवा आहेतच. त्या तोडता येत नाहीत.

आपा

———

कोल्हापूर
१२ ऑगस्ट २०२४

ती. आपास,
सलाम वि. वि.

तू लिहिलंस ते अक्षर न् अक्षर खरं आहे. त्या शनिवारी मी अब्बांना एकदाच म्हणालो, की अकरा तारखेला काहीतरी नियम बदलतो आहे. ते म्हणाले, अल्लाच्या कामात तारखा काढतोस? मी पुढं बोललो नाही. नियम काय आहे ते सांगितलंच नाही. लोकांचे इतके फॉर्म मुदतीच्या आत भरले, आणि घरचा एक बटणाजवळ बोट ठेवून तीन दिवस थांबवला. सर्व्हर चालू होता. मग मला शिव्या द्यायला एक सरकार सापडलं. दुसऱ्याच्या देशाचं, म्हणजे ते उलटून विचारणार नाही.

काल मगरिबच्या नमाजानंतर अब्बांना सगळं सांगितलं. अम्मी समोर होती. अब्बा उठले, दाराशी गेले आणि इरमचं दप्तर उचलून आपल्या कपाटात ठेवलं.

तुझे कागद आज सकाळी हातात पडले. दुकानात निघालो तर अब्बा म्हणाले, सफर महिना लागला आहे, तेरा तेजीचे दिवस आहेत, या तेरा दिवसांत आपल्याकडं कुणी नवं काम काढत नाही. ठैर जा. मी म्हटलं, नाही अब्बा. जन्मात पहिल्यांदा म्हटलं. आवाज चढला, त्याची माफी मागितली. पण थांबलो नाही. इरमला बरोबर नेलं. सयाजीरावांनी तिला आपल्या खुर्चीत बसवलं आणि या खेपेला काही थट्टा केली नाही. शेवटचं बटण तिनं दाबलं. परीक्षेला वर्ष लागेल हेही तिला सांगितलं. तिनं बोटांवर महिने मोजले, दोन बोटं कमी पडली. तिचा नवा दात अर्धा आला आहे.

वही रद्दीत दिली.

पावतीचा फोटो सोबत आहे. तिच्यावरची तारीख बघ, वेळही छापली आहे. आता लोभ ठेवायचा की नाही, ते पावती वाचून ठरव.

तुझा,
तोहिद