पोत्यांसाठी केलेला उतार

वीरभद्र अण्णा,

लोहाऱ्याची जुनी बाजारओळ पाडली. आपलं आडत दुकान गेलं, अन् ओट्याला लावून तुम्ही केलेला शहाबादी फरशीचा उतारबी गेला. अप्पांना तुम्ही सांगितलं होतं, "पोत्यांच्या गाड्यासाठी करतोय." पोती तर हमाल पाठीवरच आणायचे. उतारावरून वर यायची ती माझी हातानं चालवायची तीनचाकी, अन् तुम्ही काट्यामागून बघून न बघितल्यासारखं करायचात. तुरीचा तो वास अजून नाकात हाय.

नव्या इमारतीत आपल्याला गाळा मिळालाय, पण समोर नुसत्या पायऱ्या. मी उतार मागितला. नगरपंचायतीचे साहेब म्हणाले, "एकट्या तुमच्यासाठी?"

पोत्यांचं नाव ओठावर आलं होतं, अण्णा. पण म्हटलं, "व्हय, माझ्यासाठीच."

हे तुमच्या हार घातलेल्या फोटोमागं ठेवतेय.

तुमची धाकटी बहीण,
श्रीदेवी