पाटीवरचे ‘व इतर’

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा नमस्कार. उभ्याउभ्याच करतोय, कारण गेले पंधरा दिवस मला कुठे बसवत नाही. तुझा गुडघा कसा आहे? जिने चढू नकोस. भाऊजींचा खोकला थांबला का? (थांबला नसेल तर त्यांनी निदान फोनवर बोलताना तरी तोंड बाजूला करावं. मागच्या वेळी माझा कान दोन दिवस वाजत होता.) आमच्याकडे सगळे सुखरूप आहेत. मी मात्र घरभर येरझाऱ्या घालतो आणि ही म्हणते, चालायचंच आहे तर हातात झाडू घेऊन चाला. या पत्राची सुरुवात मी खिडकीच्या कठड्यावर केली आणि आता फ्रिजवर वही ठेवून लिहितोय, कारण हे बाबांच्या नजरेला पडता कामा नये. तुला माहीत आहे, कागद दिसला की त्यांच्या खिशातली पेन्सिल बाहेर येते. परवा औषधाच्या खोक्यातल्या माहितीपत्रकात त्यांनी सात दुरुस्त्या केल्या आणि कंपनीला कळवा म्हणून माझ्या मागे लागले.

तर झालं असं. आपल्या दिवाणखान्यातला तो जुना फोटो तुला आठवत असेल. वंशावळ व इतिहास मंडळाचे बारा संस्थापक, सहा खुर्चीवर, सहा मागे उभे, आणि खुर्चीवरच्यांत तिसरे आपले पणजोबा. फक्त त्यांनीच कॅमेऱ्याकडे न बघता शेजारच्याकडे रागाने बघितलंय. लहानपणापासून आपण ऐकत आलो की पणजोबा मंडळाचे संस्थापक सभासद. या रविवारी मंडळाला शंभर वर्षं होतात, संस्थापकांच्या नावांची पाटी लागणार आहे आणि त्यांच्या वारसांना पहिल्या रांगेत बसवणार आहेत. बाबा शहाऐंशीचे झाले, पण बातमी वाचल्या दिवशी त्यांनी कोट इस्त्रीला दिला. रोज सकाळी तो घालून खुर्चीत बसतात आणि नाव पुकारल्यावर आधाराशिवाय उठायचा सराव करतात. मीच पुकारतो. काल चार वेळा पुकारलं, तीन वेळा उठले. ताई, मला ते बघवत नाही, आणि का बघवत नाही ते पुढे लिहितो.

मी आपला सहज, पाटीवर नाव नीट आलंय ना ते बघायला मंडळात गेलो. मंडळ म्हणजे घड्याळदुरुस्तीच्या दुकानावरच्या दोन खोल्या. मंगळवारी आणि गुरुवारी चार ते सहा उघड्या, त्यातही पहिला अर्धा तास किल्ली सापडण्यात जातो. भिंतीभर कापडावर काढलेल्या वंशावळी, आणि सगळ्यात मोठ्या घराण्याच्या मुळाशी खिळा ठोकून तिथल्या कारकूनबाईंनी छत्री अडकवलेली. बाईंनी पाटीचा मजकूर दाखवला. अकरा नावं आणि खाली ‘व इतर’. मी म्हटलं, हे इतर कोण? बाई म्हणाल्या, तेच शोधायला तर मंडळ काढलंय ना.

मला वाटलं कारकुनी चूक असेल, करून घेऊ दुरुस्त. (आपल्या घराण्याला याच वाक्याने बुडवलंय, पण ते मला तेव्हा कळलं नव्हतं.) बाईंनी मंडळाकडचा फोटो कपाटातून बाहेर काढला. फोटो तोच, खाली नावं अकरा, तिसऱ्या खुर्चीखाली कोरी जागा. मग त्यांनी सभांच्या इतिवृत्ताची दुसरी वही काढली. पहिली कुठे? तर ती नाही. दुसरीच्या पहिल्या पानावर लिहिलंय की पहिली वही एक सभासद दुरुस्तीसाठी घरी घेऊन गेले आहेत, ती परत आल्यावर मागील इतिवृत्त कायम करण्यात येईल. तसेच सदर सभासदाचे नाव यापुढे मंडळाच्या कोणत्याही कागदावर घेऊ नये असे सर्वानुमते ठरले. ताई, दुरुस्तीसाठी घरी घेऊन जाणारा माणूस कोण असेल हे सांगायला मला वंशावळ बघावी लागली नाही.

बाकीची हकीकत मंडळाच्या आताच्या सरचिटणिसांनी सांगितली. हे गृहस्थ पहिल्या सरचिटणिसांचे नातू. फोटोत पणजोबा रागाने बघतायत तो शेजारचा मनुष्य म्हणजे यांचे आजोबा. त्यांनी पहिल्या सभेच्या शेवटी ‘सभा आनंदात पार पडली’ असं लिहिलं होतं. पणजोबांनी हरकत घेतली की मी आनंदात नव्हतो, तेव्हा हे वाक्य खोटं आहे, आणि इतिहासाच्या मंडळाने पहिल्याच दिवशी खोटं लिहावं का? पुढच्या पाच सभा या एका वाक्यावर झाल्या. सहाव्या सभेला पणजोबांनी वही काखेत मारली, नीट लिहून आणतो म्हणाले आणि गेले ते गेलेच. तेव्हापासून मंडळाच्या प्रत्येक सभेत पहिला विषय तोच असतो: मागील इतिवृत्त वाचून कायम करणे, वही आलेली नाही, पुढील सभेवर ठेवले. गेली नव्व्याण्णव वर्षं! नियमाने बघितलं तर त्यानंतरचा एकही ठराव पक्का नाही आणि स्वतः सरचिटणीससुद्धा कच्चेच आहेत. (हे मी त्यांना बोलून दाखवलं. बोलायला नको होतं. त्यांनी चहा सांगितला होता, तो परत पाठवला.)

शेवटी कारकूनबाई मधे पडल्या म्हणून निभावलं. ठरलं असं की पहिली वही आणायची, तिच्या पहिल्या पानावर बारा संस्थापकांच्या सह्या आहेत असं म्हणतात, त्यात पणजोबांची सही दाखवायची, मग ‘व इतर’ पुसून नाव घालतील. रंगारी शनिवारी दुपारी येणार आहे. बाबांना मी यातलं काही सांगितलेलं नाही. त्यांचे आजोबा ‘इतर’ आहेत हे त्यांनी रविवारी कोट घालून पहिल्या रांगेतून वाचलं तर काय होईल? त्यात ते रोज विचारतात, नाव मोठ्या अक्षरात आहे ना? मी हो म्हणतो आणि जिना उतरून चौकापर्यंत जाऊन येतो.

मुलांना आशीर्वाद, भाऊजींना नमस्कार. गुडघ्याला शेक दे. बाकी विशेष काही नाही.

तुझा,
धाकटा

ता. क. विशेष आहे. सरचिटणिसांनी वहीचं वर्णन केलं: हिरव्या कापडाची बांधणी, लाल कोपरे, विटेएवढी जाड. मी दारातच थबकलो. तू लग्न होऊन निघालीस तेव्हा बाबांनी वर्तमानपत्रात गुंडाळून जी वही तुझ्या हातात दिली होती आणि तू रिक्षात बसेपर्यंत तोंड वाकडं केलं होतंस, तीच ही. तुझ्या शिवणयंत्राच्या डाव्या पायाखाली मी ती शेवटची पाहिली. पोस्टाने पाठवू नकोस, कुरियरवर तर माझा काडीचा विश्वास नाही. शुक्रवारच्या संध्याकाळच्या गाडीने स्वतः घेऊन ये. येऊन तीन वर्षं झाली तुला.

ता. क. २. आता खरं सांगतो, रागावू नकोस. त्या वहीचं पहिलं पान जागेवर नाही. मी सात वर्षांचा असताना त्याचं भिरभिरं केलं. कागद जाड होता आणि सह्यांची नक्षी फिरताना छान दिसेल असं वाटलं. (दिसली.) बाबांनी कोणी फाडलं विचारल्यावर मी तुझ्याकडे बोट दाखवलं आणि तू मार खाल्लास. पंचेचाळीस वर्षं झाली, तू एका शब्दाने बोलली नाहीस, आणि मला अजून त्या थपडेचा आवाज ऐकू येतो. तर विनंती अशी की, वही आणशीलच, तर बाबांसमोर परत एकदा दोष तुझ्यावरच घेशील का, पान तूच फाडलंस म्हणून? तुझा मार तसाही खाऊन झालेला आहे. माझ्यात एवढी छाती नाही गं.

ता. क. ३. डिंक बाबांच्या खणात असतो. पाकीट त्यांच्याकडूनच चिकटवून घेतो. पत्ता तेवढा तपासा म्हटलंय, आत बघणार नाहीत.

ता. क. ४. हे मी, तुझे बाबा, लिहीत आहे. वरील मजकूर वाचला. हरकती पुढीलप्रमाणे. काल मी चारही वेळा उठलो. तिसऱ्या वेळी हा गाढव खिडकीबाहेर बघत होता. दुसरे, पान याने फाडले हे मला त्याच संध्याकाळी कळले. भिरभिरे याच्याच खिडकीला बांधलेले होते. परंतु तुला मारून झाले होते, आणि लेकीची माफी कशी मागायची हे मला कोणी शिकवले नव्हते. वही तुला टोमणा म्हणून दिली नव्हती. माझ्याकडे तेवढीच जपलेली वस्तू होती. बोलणे जमले नाही म्हणून ती दिली. भिरभिरे मी तेव्हाच उलगडून, इस्त्री करून कपाटात ठेवले आहे. टाचणीचे भोक नेमके आजोबांच्या सहीतून गेले आहे, तरी वाचता येते. पान माझ्याजवळ, वही तुझ्याजवळ. पान वहीला जुळल्याशिवाय मंडळ मानणार नाही, तेव्हा तुला यावेच लागेल. मंडळाने नाही मानले तरी ये. यंत्राच्या पायाखाली दुसरे काहीतरी घाल.