भिंगरीचा डावा हात

सोमवार, ४ तारीख

सगळ्यात आधी टपकली ती खालची शिंपीण. सुनेच्या हातातली बॅग अजून जमिनीला टेकली नव्हती, तर ही दारात हजर — "वहिनी, जरा सुई मिळेल का?" शिंपिणीच्या घरात सुई नाही! म्हटलं, ये बाई, बघून घे. तिच्यामागून वरच्या मजल्यावरचे पोस्टमन आले, वर्तमानपत्र मागायला. ते उलटं धरून पोरीकडेच बघत बसले.

चौदा महिन्यांनी आल्यात दोघी. आठ दिवस राहणार. सून दवाखान्यात नर्स आहे, रजा मिळत नाही लवकर. बारीक झालीये. नात मात्र केवढी वाढली! पाच पूर्ण होतील आता. घरात सगळे भिंगरीच म्हणतात तिला, बापाने पाडलेलं नाव, एका जागी ठरत नाही म्हणून. आल्याआल्या ह्यांची सलूनमधली जुनी खुर्ची दिसली, तिच्यावर चढून तीन वेळा गोल फिरली आणि म्हणाली, "आजोबा, केस कापा, पण कमी करू नका."

हां, तर मुद्दा तो नाहीच. मुद्दा जेवणाचा. सूप केलं होतं, पाव होता, उकडलेली अंडी. भिंगरी ह्यांच्यासमोर बसली, चमचा उचलला — आणि डाव्या हातात धरला.

माझा घास तोंडातच राहिला.

माझा मुलगा असाच जेवायचा. त्याला जाऊन साडेतीन वर्षं झाली. पोर तेव्हा दीड वर्षाची, चमचा कशाशी खातात तेही तिला ठाऊक नव्हतं.

सुनेला विचारलं, "हे हिला कुणी शिकवलं?"

"कुणी नाही, आई. आपली आपणच धरायला लागली. वर्ष झालं असेल."

आपली आपणच. बघून शिकायला बाप तर नव्हताच. म्हणजे रक्तातूनच आलं. मी उठून आत गेले, डोळे पुसले, मीठ आणायला गेले होते असं दाखवलं. मीठ टेबलावरच होतं.

माझी शाळा चौथीपर्यंत. अक्षर वाकडंतिकडं येतं. पण आजचा दिवस लिहून ठेवायलाच हवा होता.


मंगळवार, ५

शिंपिणीला सांगितलं. पोस्टमनांना सांगितलं. नळ दुरुस्त करायला आला होता त्यालाही सांगितलं. पाववाला म्हणाला, "आजी, माझी बायकोपण डावखुरी आहे, पण तिचं कौतुक कुणी केलेलं ऐकलं नाही बुवा." म्हटलं, तू करायला हवंस, गाढवा.

हे मात्र काही बोलले नाहीत. चाळीस वर्षं गिऱ्हाइकांशी बोलून ह्यांचे शब्द संपलेत. नुसते पोरीच्या हाताकडे बघत होते.

एक गोष्ट कधी कुणाला सांगितली नाही. इथे लिहिते.

आमचं टेबल भिंतीला लावलेलं. मुलगा माझ्या उजव्या अंगाला बसायचा, त्याचं डावं कोपर माझ्या उजव्या कोपराला लागायचं आणि काहीतरी सांडायचं. एकदा पाहुणे आलेले, माझ्या मालकिणीच्या ओळखीचे — मी तेव्हा दवाखान्याच्या धुलाईखान्यात इस्त्रीवर होते — आणि त्यांच्या अंगावर सूप उडालं. मी पळीच्या दांड्याने त्याच्या बोटांवर मारलं. सहा वर्षांचा होता. म्हटलं, हा हात मांडीखाली दाबून बसायचं आणि उजव्याने जेवायचं, माणसासारखं.

बसला. रोज बसायचा. उजव्याने जमायचं नाही, अर्धं परत ताटलीत पडायचं. दुसऱ्यांदा कधी वाढून घ्यायचा नाही. मी सगळ्यांना सांगायचे, माझ्या मुलाची भूक चिमणीएवढी.

तो अकरा वर्षांचा असताना एक दिवस मी लवकर सुटून घरी आले. हा ओट्याशी उभा, पातेल्यातूनच खात होता. डाव्या हाताने, भराभर. मला बघितलं आणि हात पाठीमागे लपवला, चमच्यासकट.

त्या दिवसापासून मी परत कधी बोलले नाही. पण पाच वर्षं माझं पोर माझ्या शेजारी बसून अर्धपोटी उठत होतं, ते काही परत घेता येत नाही.

म्हणून हे भिंगरीचं. देवाने म्हण, कुणी म्हण, मला तो हात परत जेवायला पाठवलाय असंच वाटतंय.


बुधवार, ६

सून का आली ते आज कळलं. भांडी घासताना सून म्हणाली, "आई, मी लग्न करतेय."

पुढच्या महिन्यात, कोर्टात. चष्म्याच्या दुकानात काचा घासून देणारा आहे कुणीतरी. चांगला आहे म्हणाली. "तुम्हाला विचारल्याशिवाय करणार नव्हते." मी ताटली पुसत राहिले. वाईट वाटलं म्हणू तर खोटं होईल. तिशीतली पोरगी आहे, तिने काय जन्मभर आमच्याकडे बघत बसायचं? मीच म्हटलं, कर बाई, सुखाने कर.

आणि मग माझ्याच तोंडून निघालं — "भिंगरीला आमच्याकडे राहू दे."

तिने नळ बंद केला.

मी थांबले नाही. म्हटलं, तुझं नवं घर, नवा माणूस, तिथे ही परकी होईल. इथे तिच्या बापाचं घर आहे. तिचा हात बघ ना, कुणाचा आहे तो. तो माणूस रोज तो हात बघणार, त्याला काय वाटेल?

सुनेने नळ पुन्हा सोडला आणि तेच पातेलं दुसऱ्यांदा घासलं.


गुरुवार, ७

सून हो म्हणाली. "तुमचा हक्क जास्त आहे, आई. मी भांडणार नाही."


शुक्रवार, ८

सकाळी कपाटातला खालचा खण रिकामा केला. ह्यांचे वस्तरे, चामड्याचा पट्टा, पितळी वाट्या, सगळं माळ्यावर. खणात कागद घातला, त्यावर भिंगरीचे फ्रॉक ठेवले. फार दिवसांनी मी गुणगुणत होते, असं शिंपीण म्हणाली. सुईचं नाव नाही काढलं आज, फ्रॉकची मापं घेऊन गेली. "शाळेचा गणवेश मी शिवणार, वहिनी, आत्ताच सांगून ठेवते."

बाजारातून भिंगरीसाठी लहान चमचा आणला. दुकानदार म्हणाला, डाव्या-उजव्याचा चमचा वेगळा नसतो आजी, कात्री असते. मला काय ठाऊक नाही? सलूनवाल्याची बायको आहे मी.

आणि रात्रीच्या जेवणाला ह्यांनी काय केलं!

मटार होते. सून खाली शिंपिणीकडे गेलेली. मी भिंगरीच्या शेजारी, हे तिच्यासमोर, रोजच्यासारखे. बघते तर ह्यांनी चमचा डाव्या हातात घेतलेला. मटार टेबलभर. म्हटलं, अहो, हे काय या वयात? डोळ्याने गप्प बस म्हणून खुणावलं मला.

भिंगरी ह्यांच्या हाताकडे बघत होती. दोन घास गेले. तिसऱ्या घासाला तिने आपला चमचा उजव्या हातात घेतला. आणि छान जेवली. एक मटार सांडला नाही.

मग ह्यांनी हात बदलला. तिनेही बदलला.

सगळी मिळून चार वाक्यं बोलले हे. "सलूनमध्ये शिकायला येणारे असेच करायचे. समोर उभं केलं की कात्री डाव्या हातात. आरशात बघितल्यासारखं. मी त्यांना पाठीमागे उभं करून शिकवायचो."

मी म्हटलं, पोरीची परीक्षा घेताना लाज नाही वाटली? आणि अर्धं ताट टाकून उठले.


शनिवार, ९

ह्यांच्याशी बोलत नाही. चहा न बोलता ठेवला, तो ह्यांनी न बोलता प्यायला. म्हणजे ह्यांना फरक पडलाच नाही.

आता एकेक आठवतंय. दुधाचा कप ती उजव्या हाताने धरते. मी म्हणायचे, जड असतो म्हणून. चित्र उजव्या हाताने काढते. बटण उजव्याने लावते. सगळं डोळ्यासमोर होतं. मी बघितलं नाही, कारण मला बघायचं नव्हतं.

दुपारी तिच्या वेण्या घालताना विचारलं, "घरी तुझ्यासमोर कोण बसतं गं जेवायला?"

"काका."

"कुठले काका?"

"चष्म्याचे. आईची ड्युटी असते ना. ते येतात. त्यांनी चमचा उचलला की मी उचलायचा, त्यांनी ठेवला की मी ठेवायचा. चुकला तो भोपळा. आजी, ते रोज भोपळा होतात."

"रोज?"

"मुद्दाम होतात. मला कळतं, पण मी सांगत नाही."

वेणी सोडली, परत घातली. वाकडी झाली होती.

वर्षभर रोज संध्याकाळी एक माणूस दिवसभर काचा घासून येतो, माझ्या नातीसमोर बसतो, आणि हरतो. ती पोटभर जेवते. सुनेने सांगितलं नाही, मला लागेल म्हणून असणार. आणि मी तिला काय ऐकवलं — त्या माणसाला तो हात बघून काय वाटेल! अहो, तो त्याचाच हात होता.

माझ्या मुलाचा हात गेला तो गेलाच. कुणी परत पाठवला नाही. हे लिहायला इतका वेळ लागला की शाई वाळली टोकावर.

पण कुणाला सांगायचं नाही असं ठरवलंय. ह्यांनाही तेच सांगितलं, बोलायला लागले ते तेवढ्यापुरतं. सून हो म्हणालीय. पोर माझ्याच मुलाची आहे ना, हात कुठला का असेना. महिन्या-दोन महिन्यांत रमेल. मुलं रमतात.

हे एवढंच म्हणाले, "तू बघ."


रविवार, १०

सून उद्या सकाळच्या गाडीने जाणार. दिवसभर बॅग भरत होती. फक्त स्वतःचे कपडे. भिंगरीचा एक मोजा तिच्या कपड्यांत आला होता, तो बाहेर काढून माझ्या खणात ठेवून आली. खण लावताना तिथेच उभी राहिली थोडा वेळ. मी स्वयंपाकघरातून बघत होते. तिला कळलं असेल मी बघतेय, तरी वळली नाही.

दुपारी जेवताना मी ह्यांना त्यांच्या जागेवरून उठवलं आणि स्वतः भिंगरीच्या समोर बसले. मुद्दामच. खोटं का लिहू? मला वाटलं, समोर बसणारं माणूसच लागतं ना तिला, मग ते मी का नको?

मी चमचा उचलला. तिने उचलला. मी ठेवला. तिने ठेवला. मी उचलल्यासारखं केलं आणि नाही उचलला, ती फसली आणि खदखदून हसली. "आजी, तुला येतं!" असं हसू ह्या घरात किती वर्षांनी ऐकलं. सून पण हसली, तोंडावर हात धरून. मी मुद्दाम भोपळा झाले. तीन वेळा झाले. पोर दोन वेळा वाढून घेऊन जेवली.

मग चमचा चाटतचाटत म्हणाली, "आजी, मी इथे राहिले की काका कुणासमोर बसणार?"

हे खुर्ची सरकवून उठले. सुनेने ताटल्या गोळा केल्या, भरलेलीसुद्धा उचलली, ती माझी होती.

"मग त्यांच्यासमोर कुणीच नाही," असं भिंगरीने स्वतःच ठरवलं आणि खुर्चीवर गोल फिरायला गेली.


सोमवार, ११

पहाटे उठून खणातले सगळे फ्रॉक मीच बॅगेत भरले, मोज्यासकट. सुनेला म्हटलं, हिला घेऊन जा, आणि येताना त्यांनाही घेऊन ये, मला बघायचंय हरायला कसं शिकले ते. ती माझ्या गळ्यात पडली, गाडी चुकता चुकता राहिली. पाच जण बसायचे म्हणजे टेबल भिंतीपासून ओढून मधे घ्यायला लागेल, हे दुपारीच मापं घेऊन मोकळे झाले. संध्याकाळी सुनेचा फोन आला. एकतीस तारखेला, रविवारी, जेवायला येतो म्हणालेत. तिघंही.