करवंदं सरली होती

जामखेड, १२ जुलै २०२५

चि. छगन यास रामहरीदादाचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. माझ्या वर्गात कविता म्हणताना तू मधेच करवंद तोंडात टाकायचास, शेवटचं कडवं जांभळ्या जिभेनं म्हणायचास. आता लिहितोस, परसाकडला डांबरासारखं काळं, चिकट होतंय, करवंदांचा रंग असेल. वाचून मीही हसलो. मग ध्यानात आलं, अरे, करवंदं वैशाखातली. आषाढात कुठली?

इथल्या डॉक्टरांना विचारून लगेच फोन केला, तर म्हणालास, दादा, शाळा सुटली तरी तुमची मास्तरकी सुटंना. आणि ठेवलास. पुन्हा लावला, तर रेंज नाही. माझं बोलणं तू कधी ऐकलं नाहीस. पत्र मात्र दोनदा वाचतोस. म्हणून लिहितो. गुडघ्याच्या गोळ्या तू उपाशीपोटी खातोस. त्यांनी पोटात जखम होते, आतलं रक्त काळं होऊन पडतं. उठताना चक्कर येते लिहितोस, तीही त्यानंच. गोळ्या बंद कर. जीप करून आजच मोठा दवाखाना गाठ.

लोभ आहेच, हट्ट तेवढा सोड. दोनदा वाच.

तुझा दादा

ता. अकोले, २ ऑगस्ट

ती. दादांना सीमाचा सा. न.

मामंजींच्या तेराव्याला आलात तेव्हा माणसांच्या गर्दीत हे सांगायचं राहिलं. तुमचं पत्र मामंजींनी ओट्यावर दोनदा वाचलं. मग म्हणाले, पोरी, दादाचं खरं हाय, जीप बोलव. घाटातच उलटी झाली, चहाच्या चोथ्यासारखी. दवाखान्यात रक्त चढवलं, तोंडातून नळी घालून जखम बांधली, पण फार रक्त गेलं होतं. काळं दिसलं त्याच दिवशी यायचं, असं डॉक्टर म्हणाले.

जाळीत जाऊन करवंदं खातो, असं ते आम्हाला सांगायचे. सासूबाई आता म्हणतात, यंदा त्यांनी एकही चाखलं नव्हतं. तोडून आणली ती सगळी तुमच्या लोणच्याला घातली. बरणी गोरक्षभावजींबरोबर धाडते आहे.

आमच्यावरची माया पातळ होऊ देऊ नका.

सीमा

जामखेड, १० ऑगस्ट

चि. सीमा हिस आशीर्वाद.

बरणी पोचली. काल एक करवंद खाल्लं. लोणच्याची करवंदं कच्ची, हिरवी. जीभ काही रंगली नाही. आरशात बघत राहिलो.

बाळ, तुझ्या सासूबाईंचे, राहीबाईंचे, गुडघेही दुखतात. त्याही छगनच्याच पाकिटातली गोळी घेत असतील. डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नकोस. काळं झालं तर लाजून लपवतील. तूच विचारत जा.

छगनला लिहायची सवय आहे, हात थांबत नाही. हे पत्र राहीबाईंना वाचून दाखव. दोनदा.

तुमचा,
दादा