रिमाइंडरशिवाय फाईल हलत नाही

४ सप्टेंबर, सकाळी

आजपासून रोजनिशी. परदेशात आलोय, पुढेमागे रेकॉर्ड असलेलं बरं.

विषय: व्हिसाची मुदतवाढ. आम्हा दोघांचा व्हिसा तीस तारखेला संपतो आणि लेकीला, म्हणजे चिमीला, डॉक्टरांनी दहा ऑक्टोबर दिली आहे. म्हणजे नातवंड यायच्या आत आजी-आजोबा परत. हे चालणार नाही, असं काल जेवताना मी जाहीर केलं. जावईबापू म्हणाले, त्यात काय, ऑनलाइन अर्ज असतो, दोघांचे आत्ता भरून टाकतो. मी हसलो. ज्या माणसाने उभा जन्म सरकारी कचेरीत फायली हलवल्या, त्याचा अर्ज कुणीतरी सोफ्यावर लोळत भरणार? हिने मात्र स्वतःचा भरू दिला. चहा उकळेपर्यंत झालासुद्धा. इतक्या पटकन झालेल्या कामाची पुढे काय गत होते, ते मला विचारा.

निश्चय: आठवडाभरात मुदतवाढ हातात. मग हिचंही निस्तरून देईन. बायकोच आहे शेवटी.

५ सप्टेंबर

व्हिसाच्या ऑफिसात जाऊन कागदी अर्ज दिला. ऑफिस कसलं, दवाखाना वाटतो. गाद्यांच्या खुर्च्या, टोकन, शांतता. कुणी कुणावर खेकसत नाही. मग कामं होतात कशी, देव जाणे.

भिंतीवर बारीक अक्षरांचा एक बोर्ड होता, चांगला हातभर वाकडा टांगलेला. बसलेल्या एकालाही त्याचं काही नाही. मी उठून सरळ केला. वॉचमन बघतच राहिला. पहिल्याच दिवशी छाप पडली.

खिडकीतल्या बाईने अर्ज घेतला, शिक्का मारला आणि म्हणाली, वाट पाहा, आम्ही कळवू. मनात म्हटलं, बाई गं, हे वाक्य मी लोकांना सांगत रिटायर झालो. त्याचा अर्थ तू मला नको शिकवूस.

९ सप्टेंबर

उत्तर नाही. अपेक्षितच होतं.

आज पहिला रिमाइंडर दिला. आमच्या ऑफिसात रिमाइंडर नसलेली फाईल पोरकी समजत. पहिल्या रिमाइंडरने साहेबाला कळतं की असा कोणी माणूस आहे. दुसऱ्याने कळतं की तो चिवट आहे. तिसऱ्याला साहेब कंटाळून सही करतो. जगात कुठेही जा, साहेब हा साहेबच.

चिमी म्हणाली, बाबा, आत्ताच तर अर्ज दिलात ना? पोरीला पगार भरपूर आहे, पण ऑफिस कशाशी खातात ते ठाऊक नाही.

खिडकीतली बाई पत्र घेताना नंबराबद्दल काहीतरी बोलली. पुरतं ऐकलं नाही. खिडकीतल्या माणसाचं सगळं ऐकून घेतलं की तो डोक्यावर बसतो.

१२ सप्टेंबर

डॉक्टरांनी चिमीला चालायला सांगितलंय. निश्चय: रोज संध्याकाळी मी तिच्याबरोबर जाणार. लहानपणी तिच्याबरोबर कधी फिरणं झालं नाही, आता पुरेपूर भरून काढायचं.

१३ सप्टेंबर

फिरायला गेलो नाही. दुसऱ्या रिमाइंडरचा मसुदा चालू होता. ‘कृपावंत होऊन’ हे इंग्रजीत बसता बसत नाही.

१५ सप्टेंबर

दुसरा रिमाइंडर दिला. बाईने पुन्हा काहीतरी समजावायला सुरुवात केली, या वेळी हातवारे करून. मी थँक यू म्हटलं आणि निघालो.

घरी आल्यावर हिने जुनं उकरून काढलं. म्हणे, चिमी झाली तेव्हा तुम्ही दवाखान्यात नव्हतात. अहो, ऑडिट होतं! ऑडिट काय बाळंतपणासारखं पुढे-मागे होतं? हे तिला इतक्या वर्षांत समजलेलं नाही.

पण या वेळी मी असणार. दारातच उभा राहणार. नर्स बाळ घेऊन बाहेर आली की पहिले हात माझे. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. इथे लिहून ठेवतो.

१८ सप्टेंबर

हिची मुदतवाढ आली. ईमेलवर.

हे नजरचुकीने झालेलं आहे यात मला शंका नाही. एक रिमाइंडर नाही, एक फेरी नाही, आणि मंजूर? कुणीतरी न वाचताच बटण दाबलं असणार. मी हिला सांगितलं, फार गाजावाजा करू नकोस, त्यांच्या लक्षात येईल. ही म्हणाली, अति शहाणा त्याचा बैल रिकामा. मी दुर्लक्ष केलं.

जावईबापू पुन्हा म्हणाले, बाबा, हा कागद मागे घेऊ, तुमचा ऑनलाइन भरतो, अजून वेळ आहे. मी ठाम नाही म्हटलं. फाईल आता पिकत आली आहे. पिकत आलेला आंबा कोणी झाडाला परत चिकटवतं का?

२२ सप्टेंबर

तिसरा रिमाइंडर. या वेळी खाली ‘प्रत माहितीसाठी: वरिष्ठ’ असं टाकलं. वरिष्ठ कोण आहे माहीत नाही, पण असतोच. लाल फ्लॅग लावला. बाईने फ्लॅग काढून मला परत दिला. तरी चेहऱ्यावरून हबकलेली वाटली.

वॉचमन आता मला ओळखतो. मी आलो की उठून बोर्डाजवळ जाऊन उभा राहतो. मान आहे म्हणायचा.

२५ सप्टेंबर

परतीचं तिकीट तीसचंच आहे. बॅग भरणार नाही. बॅग भरणं म्हणजे पराभव मान्य करणं.

रात्री हिने भरली.

२७ सप्टेंबर

काय लिहू.

सकाळी निघताना चिमी म्हणाली, “बाबा, आज नका ना जाऊ. मला बरं वाटत नाहीये.” मी म्हटलं, अगं, तुझ्यासाठीच तर चाललोय. ऑफिसात शिरताच फोन बंद केला. कामाच्या ठिकाणी फोन बंद, हा माझा जुना नियम.

टोकन पुष्कळ मागचं होतं. बसून बसून काय करणार, म्हणून समोरचा बोर्ड वाचला. मीच सरळ केलेला. त्यावर लिहिलं होतं की अर्जाचा निकाल लागण्याआधी त्याबद्दल नवीन पत्र देऊ नये. दिल्यास अर्ज रांगेत पुन्हा शेवटी जातो.

दोनदा वाचलं. चौथा रिमाइंडर खिशात होता, तो खिशातच राहू दिला.

बाहेर येऊन फोन चालू केला तर हिचे कॉलच कॉल. टॅक्सीने दवाखान्यात पोचलो. दारात कोणी नर्स नव्हती. सगळं आटोपलं होतं. मुलगी झाली, चिमीही ठीक. बाळ जावईबापूंच्या हातात होतं. त्याआधी हिने घेतलं होतं म्हणे.

ही माझ्याकडे बघून शांतपणे म्हणाली, “चिमीच्या वेळीही तुम्ही ऑफिसातच होतात. तेव्हा निदान ऑफिस तरी आपलं होतं.”

जावईबापूंनी बाळ माझ्याकडे दिलं. तिने माझं बोट पकडलं आणि सोडेना. मी तिथेच सगळ्यांसमोर रडलो. लाज वाटली नाही.

३० सप्टेंबर, विमानतळ

एकटाच परत. तरी एक मान्य करावं लागेल, माझी पद्धत चुकीची नव्हती. ऑफिस चुकीचं होतं. चिमीने जवळ घेतलं, म्हणाली, बाबा, पुढच्या वेळी फक्त हो म्हणा. विमानात खिडकी मिळाली आहे. या खिडकीत तरी कोणी बाई नाही.

१० ऑक्टोबर, घरी

आज डॉक्टरांनी दिलेली तारीख. नात तेरा दिवसांची झाली.

व्हिसा ऑफिसचं ईमेल आलं. तुमचं तिसरं पत्र मिळालं, अर्ज विचाराधीन आहे, कृपया वाट पाहा.

सकाळी हिला मेसेज टाकला होता, बाळाचा आजचा फोटो पाठव. आता संध्याकाळ झाली. मेसेज वाचलेला दिसतो, उत्तर नाही. ‘संदर्भ: माझा सकाळचा मेसेज’ इतकं टाईप केलं.

मग पुसलं. उगाच नंबर मागे जायचा.