सकाळच्या शटलचा थांबा

सोम., ६ जाने.
सकाळच्या जळगाव शटलचं आजपासून आमच्या स्टेशनवर थांबणं बंद. पाचोऱ्याहून सुटते, आमच्यासमोरून धूळ उडवत जाते. प्लॅटफॉर्मवरच बाकावर चढून बोललो. नोकरी करणारा, शिकणारा माणूस म्हणजे रेल्वेला ओझं वाटतो का, वगैरे. टाळ्या पडल्या.
शेजारचे नाना सूनबाईला, पूनमला, सोडायला आले होते. ती जळगावला बी.एड. करते. नाना म्हणाले, "तुनं भाषन सगळासले आवडनं भाऊ. गाडीले आवडनं का?"

मंगळ., ७ जाने.
नानांचा निकाल : "येस्टीना भरवसा नही. गाडी नही तं आते सूनले धाडानं नही." पूनम दारात उभी. वह्या पिशवीतच.

गुरु., ९ जाने.
रेल्वेच्या साहेबांना भेटलो. भाषण तयार होतं, अर्धं झालंही. साहेब शांतपणे म्हणाले, "सर, तुमच्या स्टेशनवरून पास काढणारं कुणीच नाही. गाडी थांबवू कुणासाठी?"
खरंच. आम्ही सगळे अपडाऊनवाले पास जळगावातच काढतो, संध्याकाळी परतीच्या गाडीची वाट बघताना. मीसुद्धा. वर्षानुवर्षं.
येताना चिडलो होतो. चाळीसगावच्या बाजूला सूर्य... असो. उद्यापासून घरोघर जाऊन सांगायचं : पास आपल्याच स्टेशनवर काढा.

रवि., १२ जाने.
आमच्या स्टेशनच्या तिकीट खिडकीवर पासासाठी रांग थेट पिंपळापर्यंत. बँकेतले, कोर्टातले, दवाखान्यातल्या सिस्टर. बुकिंगवाले भाऊ म्हणाले, "सर, लग्न आहे का कुणाचं?" दुपारी मशीनचा कागद संपला. भाषण केलं नाही. घसा शिवशिवत होता.
नाना रांगेत, पूनमच्या पासासाठी. म्हणाले, "काढी ठेवस. वाया गया तं पैसा तुनाकडून लिसू."

शुक्र., ३१ जाने.
आदेश आला. थांबा परत, तीन महिने प्रायोगिक. जिंकलो. पेढे. स्टेशनवर कुणीतरी हलगी आणली. मोठ्या सभा गाजवल्या आयुष्यात, असा आवाज एकदाही...

सोम., ३ फेब्रु.
शटल थांबली. एका मिनिटात सगळे चढले. पूनम खिडकीत, हसत होती, पदर वाऱ्यावर.
नाना बाहेरून खिडकीची सळई धरून मला : "तीन महिना जाऊ दे तिले. मंग देखसूत."
कोर्स दोन वर्षांचा आहे. मी तोंड उघडलं, तेवढ्यात गाडी हलली.